गोग्रास आणि पोटातील गोकुळ

पहिली पोळी गाईची, हा आपल्या घरांतील जुना शिरस्ता. चूल जाऊन शेगडी आली, वाडे जाऊन सदनिका आल्या, दाराशी गाय उरली नाही. तरी पुष्कळ घरांत पहिली पोळी अजून बाजूस काढली जाते आणि कोणी ना कोणी ती रस्त्यावरील गाईस नेऊन घालतो. श्राद्धाच्या दिवशी गोग्रासाचे पान वेगळे वाढले जाते. वसुबारसेस सवत्स धेनूची पूजा होते. पोळ्याच्या दिवशी बैलास पुरणपोळीचा घास दिल्यावाचून शेतकरी यजमान जेवत नाही. या चालींत जो कृतज्ञतेचा भाव आहे तो आम्हांस पूज्य वाटतो, आणि तो टिकावा असेच आमचे मत आहे. परंतु भाव शुद्ध असला म्हणजे कृती निर्दोष होतेच असे नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, आणि लग्नसराईत तर कोणत्याही दिवशी, पशुवैद्यांकडे जी जनावरे नेली जातात, त्यांत पुरण, भात, कणकेचे गोळे किंवा जिलब्या पोटात गेल्याने आडवी झालेली काही असतात. घालणाऱ्याने ते पुण्यबुद्धीने घातलेले असते. जनावर मात्र त्याच पुण्याने मरते. असे का व्हावे, याचे उत्तर गाईच्या पोटात राहणाऱ्या एका अदृश्य प्रजेपाशी आहे. या महिन्यात त्या प्रजेचा परिचय वाचकांस करून देण्याचे आम्ही योजिले आहे.

रवंथ करणे यास संस्कृतात रोमन्थ असा शब्द आहे, आणि मराठी रवंथ हे त्याचेच घरगुती रूप होय. पाणिनीसारख्या अर्धी मात्रासुद्धा जपून खर्चणाऱ्या वैयाकरणाने ‘रोमन्थायते’ हे क्रियापद साधावयास अष्टाध्यायीच्या तिसऱ्या अध्यायात तरतूद करून ठेविली आहे. सावलीत बसून डोळे अर्धवट मिटून जबडा हालविणारी गाय आपल्या पूर्वजांच्या नित्य डोळ्यांसमोर होती, हे यावरून दिसते. तथापि जबड्याच्या खाली, बरगड्यांच्या आड काय चालले आहे, हे त्यांस दिसणे शक्य नव्हते. ते कळावयास सूक्ष्मदर्शक यंत्राची वाट पाहावी लागली.

गाय, म्हैस, शेळी आणि मेंढी यांच्या पोटास चार कप्पे असतात. पहिला आणि सर्वांत मोठा तो कोठीपोट. त्यास लागून मधमाशीच्या पोळ्यासारख्या अस्तराचे जाळीपोट. मग पोथीच्या पानांसारखे पदर असलेले पडदेपोट. आणि शेवटी खरे पोट, जे आपल्या जठराशी जुळते. मोठ्या गाईच्या कोठीपोटात शंभराहून अधिक लिटर ऐवज मावतो. शेळीचे एखाद्या घागरीएवढे असते. या कोठीपोटाची भिंत स्वतः एक थेंबही पाचकरस गाळत नाही. तेथे जे पचन होते ते सारे भाडेकरूंकडून होते, घरमालकाकडून नव्हे.

हे समजावून सांगावयास आमच्या धाराशिव जिल्ह्यातील वाचकांपुढे एक सोपा दृष्टांत आहे. मार्गशीर्षातील वेळ अमावस्येस, म्हणजे आमच्याकडच्या येळवशीस, शेतात नेण्याकरिता घरोघर आंबील करतात. ज्वारीचे पीठ ताकात कालवून ठेविले की त्यास आंबूसपणा येतो. तो आंबूसपणा आणणारे हात आपणांस दिसत नाहीत, पण ताकातील सूक्ष्मजंतूच तो आणतात, हे आता शाळेतील मुलासही ठाऊक आहे. गाईचे कोठीपोट हे असेच एक आंबिलीचे मडके समजावे. फरक इतकाच की ते कधी रिकामे होत नाही, कधी थंड होत नाही, आणि त्यात बाहेरची हवा जवळजवळ शिरत नाही. त्यातील उष्णमान सदैव ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. वरून चारा पडत राहतो, लाळ मिसळत राहते, खालून तयार माल पुढे सरकत राहतो, आणि मडके जनावराच्या जन्मभर आंबत राहते.

त्या मडक्यातील रहिवाशांची गणती ऐकली तर माणूस थक्क होतो. त्यातील रसाच्या एका मिलिलिटरात, म्हणजे सुमारे वीस थेंबांत, हजार कोटींहून अधिक जिवाणू असतात. त्यांच्या जोडीस लाखांनी मोजावेत असे आदिजीव असतात. ते जिवाणूंहून पुष्कळ मोठे आणि वळवळते. १८४३ साली ग्रूबी आणि देलाफाँ या दोघा संशोधकांनी पॅरिस येथे या आदिजीवांचे प्रथम वर्णन केले. पुढे सुमारे शंभर वर्षे जिवाणूंचा अभ्यास अडून राहिला. कारण हे जंतू हवेतील प्राणवायू लागताच मरतात, आणि प्रयोगशाळेतील काचपात्रांत तर हवा असावयाचीच. अमेरिकेतील रॉबर्ट हंगेट यांनी हवा वर्जून हे जंतू वाढविण्याची युक्ती काढली, आणि १९६६ साली कोठीपोटाच्या जंतूंवर ग्रंथ लिहून या शास्त्राचा पाया घातला. त्यानंतर १९७५ साली इंग्लंडात कॉलिन ऑर्पिन यांनी दाखविले की, या मडक्यात हवेवाचून जगणारी बुरशीही आहे. त्याआधी हवेवाचून बुरशी जगूच शकत नाही, असे पंडितांचे ठाम मत होते. इवल्याशा मेंढीच्या पोटाने ते मत खोटे पाडले.

आता ही प्रजा करते काय? ज्वारीचा कडबा घ्या. त्याचा मुख्य भाग म्हणजे सेल्युलोज नावाचा काष्ठतंतू. तो पचविणारा पाचकरस ना मनुष्याच्या पोटात आहे, ना गाईच्या स्वतःच्या पोटात. माणसाने पेंढीभर कडबा चावून खाल्ला तरी तो उपाशीच राहील. गाईच्या पोटातील जिवाणू मात्र त्या तंतूस चिकटून बसतात, बुरशी त्यात मुळे शिरवून त्यास चिरफाळते, आणि हळूहळू त्याचे विघटन होऊन तीन सौम्य आम्ले निपजतात. त्यांतील पहिले म्हणजे शिरक्यातील आम्ल. ही आम्ले कोठीपोटाच्या भिंतीतून रक्तात शोषली जातात, आणि जनावराच्या शक्तीचा सुमारे सत्तर टक्के पुरवठा यांतूनच होतो. जी गाय आपण कडब्यावर पोसतो असे म्हणतो, ती वस्तुतः जंतूंनी केलेल्या शिरक्यावर पोसली जात असते.

त्याहून नवलाची गोष्ट पुढेच आहे. कडब्यात प्रथिने फार थोडी. मग गाईचे मांस-मज्जा आणि दुधातील चोथ्याचा अंश येतो कोठून? तर जंतू चाऱ्यातील ओबडधोबड नत्रापासून आपली शरीरे घडवितात, आणि ते जंतू चाऱ्याबरोबर वाहत चौथ्या पोटात जाऊन पडले की तेथे गाय त्यांनाच पचविते. तिला मिळणाऱ्या प्रथिनांपैकी अर्ध्याहून अधिक बहुधा अशा रीतीने मिळतात. शुद्ध शाकाहारी म्हणून जिचा आपण गौरव करतो, ती गोमाता आपल्याच पोटी वाढविलेल्या कोट्यवधी जीवांचा रोज फडशा पाडते, हे ऐकून आमच्या काही वाचकांस हसू येईल, काहींस किंचित् वाईटही वाटेल. पण सृष्टीचा व्यवहार असाच आहे. फिनलंडचे रसायनशास्त्रज्ञ आर्तुरी विर्तानेन, ज्यांस १९४५ साली नोबेल पारितोषिक मिळाले, त्यांनी पुढे १९६० नंतरच्या दशकात प्रथिनरहित आहारावर, केवळ युरिया व अमोनियाचे क्षार एवढाच नत्राचा पुरवठा ठेवून गाई दुभत्या राखून दाखविल्या. दूध गाईने दिले, पण त्यातील प्रथिनांची मूळ घडण जंतूंनी केली होती.

भूम भागातील खवा प्रसिद्ध आहे. त्या खव्याच्या भट्ट्यांवर दुधाची प्रत स्निग्धांशावरून ठरते. हा स्निग्धांश कासेत तयार होतो, आणि त्यास लागणाऱ्या मालापैकी मोठा भाग म्हणजे वर सांगितलेले शिरक्यातील आम्ल. ते आम्ल तंतुमय चाऱ्यापासूनच भरपूर निघते. ज्या गोठ्यात कडबा कमी आणि पीठ-भरडा जास्त, तेथे दूध पातळ लागते, ही गवळ्याची जुनी तक्रार या दृष्टीने अगदी सशास्त्र आहे. लोखंडी कढईत आटणाऱ्या दुधाची साय शेवटी कडब्याच्या धाटातून आणि जंतूंच्या कष्टांतून आलेली असते.

इतके समजल्यावर पुरणपोळीचे कोडे सुटते. कडबा पचविणारे जंतू सावकाश काम करणारे आणि स्वभावाने नाजूक. त्यांस आंबटपणा फार सोसत नाही. कडबा चघळताना गाय पुष्कळ लाळ गाळते. मोठी दुभती गाय दिवसाकाठी शंभर लिटरांच्या वर लाळ गिळते, आणि त्या लाळेत खाण्याच्या सोड्यासारखा क्षार असतो. तो पोटातील आम्लपणा जागच्या जागी मारतो. आता या मडक्यात एकाएकी परातभर भात, पुरण किंवा कणीक पडली, तर काय होईल? अशा मऊ अन्नास रवंथ नको, म्हणून लाळ कमी. आणि पिष्ट व साखर यांवर तुटून पडणारे दुसऱ्या जातीचे जंतू, जे एरवी कोपऱ्यात थोडके असतात, ते अर्ध्या तासाच्या आत दुपटीने वाढू लागतात. ते जे आम्ल निर्मितात ते दह्यातील आम्ल. वरच्या सौम्य आम्लांहून ते कितीतरी तीव्र. काही तासांत मडके इतके आंबते की तंतू पचविणारी सारी प्रजा मरून पडते. त्या आंबट घोळाकडे शरीरातील पाणी ओढले जाते; जनावराचे डोळे खोल जातात, पोट पाण्याच्या पखालीसारखे डुचमळते, रवंथ थांबते, शेणास आंबूस वास येऊन ते पातळ होते, चाल झोकांडते. वेळीच उपचार न झाल्यास एकदोन दिवसांत जनावर दगावते. त्यातून वाचलेल्या कित्येकांचे खूर पुढे कायमचे दुखावतात. यास पशुवैद्य आम्लविषबाधा म्हणतात. अशा वेळी गावठी काढे पाजीत बसण्यात तास घालवू नयेत. राहिलेले अन्न ताबडतोब दूर करावे, पशुवैद्यास बोलवावे, आणि जनावराने काय व किती खाल्ले ते त्यास लाज न धरता सांगावे.

एका खेड्यातील घडलेली गोष्ट येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. घरी कार्य होते. पंगती उठल्या, आणि उरलेला भात व बुंदी वाया जाऊ नये म्हणून घरच्या जाणत्या बाईंनी गोठ्यातील दोन्ही जनावरांपुढे टोपलीभर ओतविली. म्हैस पान्हावलेली होती, ती आधीच कडब्याने पोट भरून बसलेली; तिने चार घास घेतले आणि मान फिरविली. गाय दिवसभर गडबडीत उपाशी राहिलेली. तिने टोपली चाटून पुसून साफ केली. दुसऱ्या दिवशी सत्यनारायणाच्या पूजेस दुधाला ती गाय नव्हती. एकाच टोपलीतील अन्न, एकच पुण्यबुद्धी. पण एकीच्या मडक्यात कडब्याची बैठक होती, दुसरीच्या मडक्यात नव्हती. त्या बाईंनी पुढे कितीतरी दिवस गोग्रास घालणेच सोडले. त्यांना कोणी हे कारण वेळेवर सांगितले असते, तर गायही राहिली असती आणि गोग्रासही राहिला असता.

ही प्रजा जशी एकाएकी केलेल्या बदलाने मरते, तशी सवकाशीने केलेल्या बदलाने नवे नवे कसब शिकते, हे तितकेच खरे. याचे उत्तम उदाहरण शेळीचे. जिल्ह्याचे नाव २०२३ साली अधिकृतपणे धाराशिव झाले. परंतु येथील प्रसिद्ध शेळीची जात जगभर उस्मानाबादी या नावानेच ओळखली जाते. बहुतेक काळी, काटक, बहुधा जुळी करडे देणारी ही शेळी बालाघाटाच्या उघड्याबोडक्या माळावर बाभळीच्या शेंगा, बोरीचा पाला आणि काटेरी झुडपे यांवर जगते. बाभळीच्या पाल्याशेंगांत जे तुरट द्रव्य असते ते पुष्कळ जनावरांच्या पचनास बाधक ठरते. शेळ्यांच्या पोटात मात्र ते द्रव्य सोसणारे, किंबहुना मोडून टाकणारे जिवाणू संशोधकांस आढळले आहेत. दुष्काळात गाय-बैल विकावे लागले तरी शेळी तगते आणि गरिबाच्या घरात दुधाची वाटी राखते, त्यास तिचा काटकपणा जितका कारण, तितकेच तिच्या पोटातील हे कसबी भाडेकरूही कारण आहेत.

याहून चमत्कारिक हकीकत सुबाभळीची आहे. उरुळीकांचन येथे मणिभाई देसाई यांनी १९६७ साली स्थापिलेल्या बाएफ संस्थेने या झपाट्याने वाढणाऱ्या झाडाचा महाराष्ट्रात मोठा प्रसार केला. सुबाभळीचा पाला प्रथिनांनी समृद्ध; पण त्यात मिमोसीन नावाचे एक विष असते. ते फार पोटात गेले की जनावराचे केस झडतात, गळ्यातील ग्रंथी सुजते, अंग झडते. याच झाडास लोक कुबाभूळही म्हणत आणि सुबाभूळही. एकाच वृक्षास ‘कु’ आणि ‘सु’ असे दोन्ही उपसर्ग लागावेत, ही व्याकरणातील गंमत नव्हे. दोन्हींत तथ्य होते, आणि निवाडा पोटातील जंतूंच्या हाती होता. ऑस्ट्रेलियात हा पाला खाऊन गुरे आजारी पडत, आणि हवाई बेटांतील शेळ्या तोच पाला खाऊन सुखरूप राहत. रेमंड जोन्स या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाने तर्क केला की भेद शेळ्यांत नसून त्यांच्या पोटातील प्रजेत असावा. १९८० नंतरच्या दशकाच्या आरंभी हवाईतील शेळ्यांच्या कोठीपोटातील जंतू ऑस्ट्रेलियात नेऊन तेथील गुरांस पाजण्यात आले, आणि ती गुरेही तो पाला निर्धास्त पचवू लागली. ज्या जिवाणूने हे केले त्यास पुढे १९९२ साली सिनर्जिस्टीस जोन्सिआय असे नाव देऊन त्या शास्त्रज्ञाचा गौरव करण्यात आला. परकी विद्या पचविण्यास परदेशी गुरू आणावा लागतो, तसाच हा प्रकार. आपल्याकडे सुबाभूळ चारताना एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक न देता, थोड्यापासून आरंभ करावा, हाच शहाणपणाचा मार्ग होय.

मराठवाड्यास दुष्काळ नवा नाही. १९७२ सालचा आमच्या पिढीच्या स्मरणात आहे. २०१३ आणि २०१९ सालच्या उन्हाळ्यांत या जिल्ह्यात चारा-छावण्या उघडाव्या लागल्या, ही तर कालपरवाची गोष्ट. त्यात खरिपात सोयाबीन पसरले, ज्वारीचा पेरा घटला, आणि कडब्याची गंज दुर्मीळ झाली. छावणीत जनावरास बहुधा ऊस आणि उसाचे वाढे मिळते. कालपर्यंत वाळल्या धाटावर असलेले जनावर आज एकदम गोड, रसाळ उसावर येते. त्याच्या पोटातील प्रजेस हा बदल भूकंपासारखा वाटतो. शिवाय वाढ्यात ऑक्झॅलेट हा क्षार असतो, जो हाडांतील चुन्याचा वैरी. तोही मोडणारे जिवाणू कोठीपोटात असतात, पण ते मूठभर. वाढे हळूहळू वाढवीत नेले तरच त्यांची संख्या वाढून ते कामास पुरे पडतात. म्हणून छावणीत जाण्यापूर्वीच घरच्या उरल्यासुरल्या कडब्यात थोडथोडे वाढे मिसळण्यास आरंभ करावा, आणि छावणीतही ज्यास साधेल त्याने निदान पेंढीभर कोरडा चारा बरोबर ठेवावा. पोट भरणे आणि पोटातील प्रजा टिकविणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

निकृष्ट चाऱ्यास सुधारण्याचीही युक्ती याच ज्ञानातून निघाली. १०० किलो वाळल्या चाऱ्याच्या कुट्टीवर ४ किलो युरिया सुमारे ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून सारखा शिंपडावयाचा, थर दाबून वर कापड किंवा ताडपत्री घट्ट लावावयाची, आणि २१ दिवस हवा लागू द्यावयाची नाही. युरियापासून सुटणारा अमोनिया चाऱ्याचा कठीणपणा मोडतो आणि जंतूंस नत्र पुरवितो. आणंदच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने युरिया आणि मळी यांच्या ज्या चाटण-विटा प्रचारात आणल्या, त्यांचे तत्त्वही हेच. त्या जनावरास नव्हे, जंतूंस दिलेला खुराक आहेत. परंतु येथे सावधपणाची गरज फार मोठी. युरियाचे पाणी उघडे ठेवून जनावराने ते प्याले, किंवा खडे तसेच चाऱ्यात राहिले, तर अमोनियाच्या विषाने ते तासाभरात मरू शकते. सहा महिन्यांच्या आतील वासरास तर हा चारा मुळीच घालू नये. कारण त्याच्या पोटात अजून ते राज्य वसलेलेच नसते.

हे राज्य वसते कसे, तेही मोठे रम्य आहे. नुकत्या जन्मलेल्या वासराचे कोठीपोट नावापुरते असते. प्यालेले दूध एका पन्हळीतून त्यास वगळून थेट चौथ्या पोटात जाते. आई वासरास चाटते, वासरू तिच्या तोंडापाशी तोंड नेते, तिच्या पुढ्यातील उष्टे गवत हुंगते व चघळते; आणि अशा रीतीने आईच्या पोटातील प्रजेची एक शाखा वासराच्या पोटात नांदावयास येते. दोन-तीन आठवड्यांचे वासरू गवताची काडी तोंडात धरून रवंथाचा खेळ करू लागते, ते या नव्या संसाराचे पहिले चिन्ह. आईच्या दुधाइतकेच आईचे चाटणेही वारसा आहे. म्हणूनच दुधाच्या लोभाने वासरास जन्मतःच वेगळे बांधावयाचे असेल, तर निदान काही दिवसांतच त्याच्यापुढे कोवळे गवत व थोडा भरडा ठेवावा, आणि निरोगी मोठ्या जनावरांची संगत त्यास घडू द्यावी.

वारसा नसला तर काय होते, हे कोंबड्यांच्या पिल्लांवरून दिसून आले. यंत्रात उबविलेल्या पिल्लांस आईचा सहवास नसतो. त्यांचे आतडे रिकामे, म्हणून रोगजंतूंस आयते मोकळे सापडते. फिनलंडमध्ये एस्को नुर्मी व त्यांचे सहकारी यांनी १९७३ साली दाखविले की, प्रौढ कोंबडीच्या आतड्यातील निरुपद्रवी जंतू पिल्लांस आधीच पाजले तर सॅल्मोनेला या दुष्ट जंतूस तेथे पाय रोवता येत नाही. वसलेल्या गावात चोर सहज राहत नाही, ओसाड वाड्यात राहतो, हाच न्याय. जनावरे लवकर वाढावीत म्हणून प्रतिजैविके खाद्यात कालविण्याची चाल जगात दीर्घकाळ होती. युरोपीय संघाने ती २००६ साली बंद केली, आणि आपल्या देशात कोलिस्टिन हे औषध खाद्य-जनावरांकरिता वापरण्यावर २०१९ साली बंदी आली. असली औषधे शत्रू-मित्र पाहत नाहीत. रवंथ करणाऱ्या जनावरास ती शेजाऱ्याच्या सांगण्यावरून तोंडाने पाजणे म्हणजे आपल्याच गोकुळास आग लावणे होय. उलट, रवंथ बंद पडलेल्या जनावरास निरोगी जनावराच्या कोठीपोटातील रस पाजून पशुवैद्य ते गोकुळ पुन्हा वसवितात, ही उपचारपद्धती आज सर्वमान्य आहे.

मित्र कोणते आणि शत्रू कोणते, हेही स्थलकालावर अवलंबून असते. शेळ्या-मेंढ्यांच्या आतड्यात एका जातीचे जिवाणू एरवी निमूटपणे राहतात. मृगाच्या पहिल्या पावसाने माळ हिरवा झाला, उन्हाळाभर खंगलेल्या शेळीने तो कोवळा पाला अधाशीपणे खाल्ला, की हेच जिवाणू एकाएकी बेसुमार वाढून आतड्यात विष सोडतात, आणि संध्याकाळी धडधाकट असलेली शेळी सकाळी मेलेली आढळते. यास आंत्रविषार म्हणतात. पाऊस लागण्यापूर्वीच त्याची लस टोचून घेणे आणि पहिले काही दिवस कोरडे काही खाऊ घालूनच शेळ्या माळावर सोडणे, हे त्याचे निवारण. ज्या शेळीवर गरिबाच्या घरची फी, औषध आणि सणवार चालतो, तिच्याकरिता ही एक सुई महाग नाही.

आता आमच्या वाचकांपैकी बहुतेकांकडे गोठा नाही, हे आम्ही जाणतो. तरी गोग्रास आहे, श्राद्ध आहे, वास्तुशांत आहे, लग्नकार्य आहे. म्हणून चार गोष्टी सांगून हा लेख पुरा करू. पहिली अशी की, गोग्रास हा ग्रास असावा, म्हणजे घासच असावा. त्याची टोपली होऊ नये. पानावरील चार घास कोणत्याही गाईस बाधत नाहीत. दुसरी अशी की, पुण्याची परिमिती मोठी करावयाची इच्छा असेल तर ती हिरव्या किंवा वाळल्या चाऱ्याने करावी. श्राद्धाच्या दिवशी पोळीच्या एका घासाबरोबर कडब्याची एक पेंढी दिली, तर पितरांस ते कमी पोहोचेल असे म्हणावयास शास्त्राधार नाही. तिसरी अशी की, एकाच गल्लीतील दहा घरांनी एकाच गाईस एकाच सणास पुरण घातले, तर प्रत्येक घराने घासच दिला तरी गाईच्या पोटात परात भरते. तेव्हा सणाच्या दिवशी शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आधी एकमेकांस विचारावे, आणि घरातील सुनामुलांस हे एकदा समजावून सांगावे. कारण टोपली ओतावयास बहुधा तीच धाडली जातात. चौथी अशी की, जनावराच्या खाण्यात कोणताही बदल करावयाचा तो पंधरा दिवस ते तीन आठवडे एवढ्या अवधीत, रोज थोडा थोडा करावा. ज्यांच्या घरी बैल आहेत त्यांनी पोळ्याच्या दिवशी आधी बैलांस पोटभर कडबा घालावा, मग पूजा करावी, आणि शेवटी पुरणपोळीचा मानाचा तुकडा द्यावा.

राहिला प्रश्न कार्यातील उरलेल्या अन्नाचा. माणसांनी खाण्याजोगे असेल ते तातडीने माणसांस द्यावे. जे तसे राहिले नाही ते गोबरगॅसच्या खड्ड्यात टाकावे. तेथेही हवेवाचून जगणारे असेच सूक्ष्मजंतू असतात. त्या खड्ड्यात शिळा भातही हळूहळू खपतो, आणि त्यापासून निघणाऱ्या वायूवर दुसऱ्या दिवशीचा चहा होतो. जंतूंस जेवू घालावयाचेच असेल, तर ज्यांच्यासाठी ते अन्न हितकर आहे त्यांनाच घालावे, एवढेच आमचे नम्र सांगणे आहे.